गो, वेंट आणि गेला

'गो'चा भूतकाळ 'वेंट' का, हे शाळेत कुणी सांगत नाही. पाठ करा, संपलं!

खरं म्हणजे 'वेंट' हे 'गो'चं नाहीच. ते 'वेंड' या क्रियापदाचं. सेंड-सेंट, बेंड-बेंट, तसंच वेंड-वेंट. वेंड म्हणजे मुळात वळणे, मग वाट धरणे, जाणे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरचे यात्रेकरू कँटरबरीला 'वेंड'च करतात.

मग 'गो'ला आधी भूतकाळ नव्हता का? होता की! जुन्या इंग्रजीत 'एओदे'. गंमत म्हणजे तोही वेगळ्याच धातूचा. म्हणजे पॅचवर पॅच! साधारण पंधराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये त्याची जागा वेंटने घेतली. स्कॉट लोकांनी मात्र सरळ नियम लावून 'गेड' केलं. आम्हा कोडवाल्यांना तेच पटणार. बिचाऱ्या वेंडला पुढे 'वेंडेड' असा नवा भूतकाळ शोधावा लागला.

हसू नका, आपलंही तेच आहे. 'जाणे'चं 'गेला' होतं. जाणे आलं संस्कृत 'या' धातूवरून, गेला आलं 'गम्'च्या 'गत'वरून. ('जाला' होतं जुन्या मराठीत, पण त्याचा अर्थ 'झाला'!)

जे शब्द दिवसभर तोंडात असतात त्यांची वाकडी रूपंही टिकतात, क्वचित लागणाऱ्यांना नियम गिळतो. इंग्रज पोरं लहानपणी 'गोएड' म्हणतात, पण घरात सतत 'वेंट' ऐकून ते सुटतं. फ्रेंचमध्ये तर जाण्यासाठी तीन लॅटिन-रोमान्स धातूंची खिचडी आहे. तिथल्या पोरांचे हाल विचारू नका.