शोथ, शोफ आणि कावीळ : वैद्यकीय संज्ञांच्या घडणीचा एक धागा

दिल्लीतील मुनिरका येथे १९७७ साली स्थापन झालेली राष्ट्रीय आरोग्य व परिवार कल्याण संस्था आहे. लगतच्या आर. के. पुरममध्ये वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगाने दीर्घकाळ कार्य केले. हा आयोग १९६१ साली स्थापन झाला व डॉ. दौलतसिंह कोठारी त्याचे पहिले अध्यक्ष होते. आरोग्याचा प्रसार आणि आरोग्याची परिभाषा ही दोन्ही कामे अशी शेजारी आली. मात्र त्यांच्यातील अंतर भौगोलिक नव्हते.

वैद्यकीय संज्ञा बहुधा घटकांच्या जोडणीतून सिद्ध होते. 'गॅस्ट्रोएंटेरायटिस' या शब्दात जठर, आतडे व दाह यांचे वाचक घटक ओळीने येतात. यांतील 'इटिस' हा ग्रीक प्रत्यय मुळात केवळ 'त्या अवयवासंबंधीचा' एवढेच सुचवीत असे. 'दाह' हा अर्थ त्याला पुढे वापराने चिकटला. म्हणजेच घटकाचा अर्थ व्युत्पत्तीइतकाच संकेतावरही अवलंबून असतो.

भारतीय परिभाषाकारांनी हाच मार्ग संस्कृतातून अनुसरला. डॉ. रघुवीर यांनी नागपूर येथे उपसर्ग, धातू व प्रत्यय यांच्या आधारे शब्दनिर्मितीचा मोठा प्रकल्प उभारला. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयानेही मराठीसाठी परिभाषाकोश सिद्ध केले. 'इटिस'साठी 'शोथ' रूढ झाला आणि आंत्रपुच्छशोथ, वृक्कशोथ अशी शब्दमालिका तयार झाली.

येथे दोन अडचणी उद्‌भवल्या. आयुर्वेदात शोथ, शोफ व श्वयथु हे शब्द सूज या अर्थाने पर्यायी होते. नव्या परिभाषेने शोथ दाहासाठी व शोफ ऊतींत द्रव साठून आलेल्या सुजेसाठी राखून ठेवला. प्राचीन ग्रंथ वाचणाऱ्या अभ्यासकाला ही विभागणी ठाऊक नसेल, तर अर्थाची गल्लत अटळ ठरते. दुसरी अडचण संधीची. ग्रीक घटकांमधील जोडस्वर 'ओ' घटकांना वेगळे राखतो. संस्कृत संधी त्यांना एकजीव करतो. व्याकरणानुसार यकृत् आणि शोथ यांचे 'यकृच्छोथ' होते, आणि त्यात यकृत ओळखणे कठीण जाते. म्हणूनच संधी टाळणारे 'यकृतशोथ' हे रूप प्रचारात टिकले.

परंतु रुग्णाच्या तोंडी शब्द असतो तो 'कावीळ'. ही डोळे व त्वचा पिवळी पडण्याची खूण होय. यकृतशोथ हा तिच्या कारणांपैकी केवळ एक. पित्तनलिकेत खडा अडकूनही कावीळ होते, आणि तेथे उपचार निराळा असतो. बोलीतील शब्द लक्षण सांगतो, घडविलेली संज्ञा अवयव व विकृती सांगते. एकाला दुसऱ्याचा प्रतिशब्द मानल्यास नुकसान शब्दाचे नव्हे, रुग्णाचे होते. परिभाषेच्या इतिहासात संज्ञांच्या शुद्धतेची चर्चा विपुल झाली. या दोन शब्दांतील भेद रुग्णाला उलगडून सांगण्याच्या कामाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले.