भरतपूरची शिकारी पाणथळ व तिचे वांटेकरी

भरतपूरचे जाट राजे व मराठे यांचा संबंध वाचकांस परिचित आहे. इ. स. १७५४ त कुंभेरीच्या वेढ्यांत खंडेराव होळकर पडले ते याच राज्यांत. आणि १७६१ त पानिपताहून परतणाऱ्या मराठ्यांस सूरजमलानें आश्रय दिला तोही येथेंच. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्या राज्यांतील एक पाणथळ जागा हा आहे. रानबदकांच्या शिकारीकरितां राखलेल्या या खासगी जागेंत वस्तुतः कोणाकोणाचा वांटा होता, तो कसा चालत आला व पुढें कसा मोडला, याचा विचार येथें कर्तव्य आहे.

ही जागा भरतपूर शहरास लागूनच असून तिचें क्षेत्र सुमारें २९ चौरस किलोमीटर आहे. आंत केवलादेव महादेवाचें देऊळ आहे, व दाट झाडीमुळें तीस ‘घना’ म्हणत. यावरून केवलादेव घना हें नांव पडलें. मूळची ही सखल जमीन. गंभीर व बाणगंगा या नद्यांचें पावसाळी पाणी अडविणारा अजान बांध सूरजमलाच्या नांवावर सांगतात. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लहान बांध, मोऱ्या व पाट घालून या पाण्याची वांटणी करण्यांत आली आणि सखल जमिनीचीं उथळ तळीं झालीं. सारांश, ही पाणथळ मनुष्यानें राखलेली आहे. दरसाल कोणी मोरी उघडली तरच तींत पाणी येतें. वांट्याचा प्रश्न समजण्यास ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे.

पाणी राखण्याचा हेतु उघड होता. हिवाळ्यांत उत्तरेकडून येणारीं बदकें तेथें उतरावीं व राजाच्या पाहुण्यांनीं तीं मारावीं. इ. स. १९०२ त लॉर्ड कर्झन यांच्या उपस्थितींत पहिली मोठी शिकार झाली. पुढें व्हाइसरॉय व संस्थानिक यांच्या अशा शिकारींची परंपराच पडली. देवळाजवळच्या दगडी पाट्यांवर शिकारीची तारीख, मुख्य पाहुण्याचें नांव, बंदुकांची व पडलेल्या पक्ष्यांची संख्या कोरलेली आहे. ता. १२ नोव्हेंबर १९३८ रोजीं लॉर्ड लिनलिथगो यांच्याकरितां झालेल्या शिकारींत एका दिवसांत ४,२७३ पक्षी पडले.

इतिहासाच्या अभ्यासकानें मात्र या पाट्यांवर थांबूं नये. मोठी शिकार वर्षांतून मोजक्या दिवशीं होई. उरलेल्या काळांत भोंवतालच्या गांवांचीं गुरें, विशेषतः म्हशी, त्याच पाण्यांत व गवतांत चरत. बायका सरपण व चारा नेत. अर्थात् पक्षी राजाचे, आणि गवत व सरपण गांवकऱ्यांचें, अशी ही वहिवाट होती. तिला समतेची वांटणी म्हणतां येणार नाहीं. राजाच्या हक्कामागें सत्ता होती, गांवकऱ्यांच्या हक्कामागें केवळ चाल होती. तथापि दोहोंत एक उपकारक संबंध होता. म्हशी पाण्यांतलें गवत खात, त्यामुळें तळ्यांचें पाणी मोकळें राही, आणि मोकळ्या पाण्यावरच बदकें उतरत. राजाच्या शिकारीची तजवीज अशा रीतीनें गांवकऱ्यांचीं गुरेंही करीत होतीं. पाट्यांवर त्यांची नोंद नाहीं इतकेंच.

इ. स. १९४८ त भरतपूर मत्स्य संघांत सामील झालें, आणि पाणथळ आटवून ती जमीन व तिचें पाणी शेतीस द्यावें अशी मागणी जोरांत आली. भूक भागविणाऱ्या जमिनीचा सवाल असल्यामुळें ही मागणी क्षुल्लक नव्हती. परंतु मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनीं पंडित नेहरूंपर्यंत हा प्रश्न नेला, आणि पाणथळ वांचली. इ. स. १९५६ त ती पक्षी-अभयारण्य झाली. या तडजोडींत महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र राखला गेला! अभयारण्य सरकारचें आणि बंदूक राजाची, असा हा चमत्कारिक वांटा १९७२ पर्यंत चालला. शेवटची मोठी शिकार १९६४ त झाली.

राजाचा वांटा असा सावकाश व सन्मानानें संपला. गांवकऱ्यांचा तसा संपला नाहीं. इ. स. १९८१-८२ त घना राष्ट्रीय उद्यान ठरतांच कायद्याप्रमाणें तेथें गुरें चारण्यास मनाई झाली. नोव्हेंबर १९८२ मध्यें या बंदीवरून गांवकरी व पोलीस यांच्यांत झगडा होऊन गोळीबार झाला व त्यांत गांवकरी मृत्यु पावले. ज्या पाणथळींत आजवर पक्ष्यांवर गोळी सुटे, तेथें पक्ष्यांच्या रक्षणाकरितां माणसांवर ती सुटली.

आणि बंदीचें फळ काय झालें? नॅचरल हिस्टरी सोसायटीनें सुमारें दहा वर्षें केलेल्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, म्हशी गेल्यावर पाण्यांत पॅस्पॅलम जातीचें गवत माजलें, मोकळें पाणी घटलें, आणि कित्येक पाणपक्ष्यांस त्यामुळें अपाय झाला. पुढें परवान्यानें गवत कापून नेण्याची मुभा गांवकऱ्यांस देण्यांत आली. म्हणजे म्हशींचें काम विळ्याकडे आलें, आणि मोडलेल्या वहिवाटीचा एक तुकडा कागदावर परत आला.

नंतरचा तंटा पाण्याचा आहे. गंभीर नदीवर वरच्या अंगास करौलीकडे पांचना धरण झालें, आणि खालच्या पाणथळीस पाणी सोडावें कीं वरच्या शेतांस द्यावें हा वाद उभा राहिला. इ. स. २००४ च्या सुमारास तर घना कोरडी पडण्याची वेळ आली. त्यानंतर दुसऱ्या वाटांनीं तेथें पाणी आणावें लागलें.

आपल्याकडील कुरणें, गायरानें व तळीं यांचा इतिहास लिहितांना भरतपूरचें उदाहरण उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें. दगडावर कोरलेला हक्क सर्वांस दिसतो. वहिवाटीचा हक्क तो मोडल्यानंतरच दिसूं लागतो. यास्तव अशा जागेचें दप्तर तपासतांना मालक कोण एवढेंच विचारून भागणार नाहीं. तेथें गवत कोण कापीत होतें, गुरें कोणाचीं चरत होतीं आणि मोरी कोण उघडीत होतें, हेंही विचारलें पाहिजे.