औशाच्या मुली आणि कॉलेजचा रस्ता

आठ मार्च आला की कॉलेजात सत्कार होतात. विद्यापीठात पहिली, खेळात पहिली. छानच आहे ते! पण आमच्या औशाकडच्या मुलींचं यश किलोमीटरमध्येही मोजायला हवं.

बघा ना, निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही हैदराबादला आणि उर्दूतून शिकवणारं. मराठी घरातल्या मुलीला तिथवर कोण धाडणार? सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज आणि तेव्हाच्या औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू झालं. १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ. तरी औशाहून तिकडे जायचं म्हणजे परगावी राहणं आलंच. मुलाला पाठवत, मुलीला नाही.

१९६१ साली लातुरात दयानंद कॉलेज निघालं आणि अंतर एकदम वीसेक किलोमीटरवर आलं. सकाळी एस.टी.नं जायचं, संध्याकाळी घरी. "अंधार पडायच्या आत ये" एवढ्या अटीवर आमची आत्या बी.ए. झाली. नंबरबिंबर काही आला नाही, सत्कार तर दूरच. पण तिच्या मागच्या चुलतबहिणींना घरात भांडायला एक वाक्य मिळालं.. "ती गेली होती की!"