गावकुसाबाहेरचं तत्त्वज्ञान

शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८. वैशाखाचं ऊन. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी कधीच निघाली आहे. भेगाळलेल्या जमिनीवर पाऊल जपून टाका. गावकुसाची डागडुजी चालू आहे आणि वेठीला धरलेल्या माणसांच्या रांगेत तुम्हीही आहात. डोक्यावर चिखलाची पाटी. पुढच्या माणसाचे ओठ हलतायत, तो अभंग जुळवतोय. तो चोखामेळा.

वाकून नमस्कार करायचा मोह आवरा. इथं तो कुणाचा संत नाही. जी भिंत तो उभी करतोय ती गावाला राखते, आणि त्याचं घर त्या भिंतीबाहेर आहे. पंचवीसेक किलोमीटरवरच्या पंढरीला तो जातो, पण महाद्वाराशीच थांबतो.

संध्याकाळी त्याच्या मागोमाग महारवाड्यात चला. भाकरी थापणारी त्याची बायको सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, पाहुणे आलेले नणंद निर्मळा आणि तिचा नवरा बंका. हे सगळेच अभंग रचतात, आणि सगळ्यांचं एकमत आहे असं मुळीच नाही. चोखोबा कधी देवाशी भांडतो, तर कधी वाट्याला आलेलं मागल्या जन्मीचं फळ मानून गप्प होतो. पोराला हे पटत नाही. हीन जन्म दिलास तो का, असा जाब तो थेट विठ्ठलाला विचारतो. सोयरा चुलीपुढून उठत नाही, आवाजही चढवत नाही. ती एवढंच म्हणते की विटाळाशिवाय देह जन्माला येतच नाही. मग सोवळ्यातल्या माणसाचा देह आला कुठून?

मला विचाराल तर त्या घरातला सर्वांत कसलेला युक्तिवाद हाच. अथेन्समध्ये सॉक्रेटिसला चौकात उभं राहून वाद घालायला सवड होती. सोयरेला ती नव्हती. नियम जिथं टोचतो तिथंच तिनं त्याचं कारण मागितलं आणि ते कारण नियम करणाऱ्यालाही लावून पाहिलं. तत्त्वज्ञान हा पेन्शनीनंतरचा छंद मानणाऱ्यांनी या चुलीपाशी थोडं बसावं.

आता कामावर परत जाऊ नका. भिंत कोसळते आणि चोखोबा इतर मजुरांसह तिच्याखाली जातो. परंपरा सांगते की नामदेवांनी मंगळवेढ्याला येऊन त्याच्या अस्थी ओळखल्या, कारण त्यांतून विठ्ठलनाम ऐकू येत होतं. त्याची समाधी पंढरपुरात महाद्वारापाशी आहे, म्हणजे पुन्हा दाराबाहेरच.

ते दार दलितांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावून उपोषणाला बसावं लागलं. पुढच्याच वर्षी बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. सोयरेचा सवाल तोवर सहाशे वर्षं जुना झाला होता. उत्तर कुणापाशीच नव्हतं, तरी दार इतका काळ बंदच राहिलं. नुसता तर्क बिनतोड असून भागत नाही.

परत आलात की आधी स्वयंपाकघरात जा. कामाला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा ठेवला असेल, तर तो का, हे घरच्यांना विचारा. जे कारण सांगतील ते सांगणाऱ्यालाही लावून बघा. टिकलं नाही, तर उद्याचा चहा आपल्याच कपांतून द्या.