जपानी वहीतली आपली बाराखडी

आमच्या गटाच्या मागच्या बैठकीत एक वेगळाच अर्ज आला. अंतर्गत कर्ज आम्ही बियाण्याला, शेळीला, पानपिंपरीच्या मळ्याला, दवाखान्याला देत आलो. या वेळी एका ताईंनी ते लेकीच्या जपानी वर्गासाठी मागितले. पोरगी नर्सिंग शिकलेली. वृद्धांच्या देखभालीसारख्या कामांसाठी परदेशी माणसे घेण्याची नवी व्यवस्था जपानने 2019 पासून सुरू केली आहे, पण त्यासाठी भाषेची परीक्षा द्यावी लागते. एक एजंट आधीच मोठी रक्कम मागून गेला होता, त्यामुळे बाया धास्तावल्या होत्या. पैसा सगळ्यांच्या बचतीचा. म्हणून आम्ही पोरीची वहीच पाहायला मागितली.

पहिल्या पानावर जपानी अक्षरे, खाली देवनागरीत उच्चार: अ इ उ ए ओ, का कि कु के को. आमच्यातल्या सर्वात वयस्कर आजी ऐकून म्हणाल्या, "हे तं आपलीच बाराखडी हाय व माय!"

आजी चुकल्या नव्हत्या. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू इ. स. 736 मध्ये जपानला पोचला आणि 752 मध्ये नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी त्याच्या हातून झाला. पुढे 804 मध्ये कूकाई हा जपानी भिक्षू चीनला गेला आणि संस्कृत लिहिण्याची सिद्धम् लिपी शिकून आला. भिक्षूंच्या त्या अभ्यासातूनच जपानी अक्षरांना आजचा क्रम मिळाला: अ, क, स, त, न, ह, म, य, र, व. आपल्या च-वर्गाच्या जागी त्यांचा स आहे, ट-वर्ग त्यांच्याकडे नाहीच. प-वर्गाच्या जागी ह कसा? तर फार जुन्या जपानीत त्याचा उच्चार प होता. घर तेच राहिले, राहणारा बदलला.

आम्हाला याहून आवडली ती हिरागानाची गोष्ट. पुरुष पंडित चिनी अक्षरांत लिहीत. त्याच अक्षरांची वळणदार, सोपी रूपे नवव्या शतकात घडली, आणि त्यांना नाव पडले 'ओन्नादे', म्हणजे बाईचा हात. त्याच लिपीत मुरासाकी शिकिबू या बाईने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला 'गेंजीची कथा' लिहिली. आपल्या जिल्ह्यातल्या रिद्धपूरला महदंबेने धवळे रचले ते तेराव्या शतकात. पंडितांची भाषा बाजूला ठेवून बायांनी आपल्या बोलीत रचावे, हे दोन्हीकडे घडले. महर्षी कर्व्यांनाही 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढताना प्रेरणा मिळाली ती टोकियोच्या महिला विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेतून.

वाक्यही आपल्यासारखेच. 'मी टोकियोला जाते' हे जपानीत 'वाताशी वा तोक्यो नि इकिमासु'. आपला 'ला' म्हणजे त्यांचा 'नि', तोही नावाच्या मागे, आणि क्रियापद शेवटी. इंग्रजीच्या आडवाटेने जाण्यापेक्षा मराठीवरून सरळ जपानीत उतरावे, असे आमचे मत झाले.

कठीण आहे ती कांजी, म्हणजे चिनी अक्षरे. रोजच्या वापरासाठी ठरवलेलीच 2136 आहेत. पण पोरीला सुरुवातीला लागते ती पाचांतली खालून दुसरी पातळी, आणि तेवढ्याला काहीशे पुरतात. साधनेही फुकटात बरीच आहेत. जपान फाउंडेशनची 'इरोदोरी' पुस्तके आवाजासकट मोबाईलवर उतरवून घेता येतात. एनएचके या जपानी रेडिओचे धडे हिंदीतूनही आहेत, भाकरी थापता थापता ऐकण्यासारखे. वर्गात बहुधा 'मिन्ना नो निहोंगो' चालते. मोबाईलवरच्या खेळांनी शब्द लक्षात राहतात, हात वळत नाही; त्याला चौकटीची वहीच हवी.

मग ठराव झाला. एजंटला एक रुपयाही द्यायचा नाही. पोरीने आधी महिनाभर घरीच शिकायचे, हिरागाना आणि काताकाना मिळून 92 अक्षरे गटासमोर न बघता लिहायची, मग वर्गाच्या फीचे कर्ज.

परवाच्या बैठकीत तिने ती लिहिली. दोन ठिकाणी अडखळली, स्वतःच खोडून नीट केली. कर्ज नोंदवहीत चढले. मग आजींनी आपले नाव लिहून मागितले. त्यांच्या नावात ल आहे आणि जपानीत ल नाही, र वरच भागवावे लागते. आजींना ते काही पटले नाही, पण कागद घडी करून त्यांनी बटव्यात ठेवला.