उपजीविका प्रकल्पांचे मूल्यमापन (अवर्षणप्रवण भाग)

दुष्काळ, पूर, चक्रीवादळ यांचा वारंवार फटका बसणाऱ्या ग्रामीण भागात लोकसहभागाने राबविलेल्या प्रकल्पामुळे तेथील कुटुंबांच्या चरितार्थाची साधने वाढली का, कोणाची वाढली आणि पुढचे संकट आल्यावर ती टिकली का, हे ठरविण्याची पद्धतशीर प्रक्रिया. महाराष्ट्रात या विषयाची सर्वाधिक सामग्री पाणलोट क्षेत्र विकासाच्या कामांतून जमा झाली आहे; म्हणून या नोंदीत अवर्षणप्रवण भागावर भर आहे.

पार्श्वभूमी : १९७२ च्या दुष्काळात राज्यभर मदतकामे निघाली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात त्यांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात पोहोचली. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव अशा या कामांचा हिशेब मजुरी व मनुष्यदिवस यांत ठेवला गेला. लोकांना जगविणे हाच हेतू असल्याने ते माप त्या वेळी योग्यच होते. पुढे रोजगार हमी योजना आणि केंद्राचा अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम आला, कामांचा हेतू बदलला. पण हिशेबाची वही तीच राहिली. किती हेक्टरवर बांधबंदिस्ती झाली, किती नालाबांध घातले, किती निधी खर्ची पडला, यालाच कित्येक वर्षे प्रकल्पाचे यश म्हटले गेले.

वेगळे माप पहिल्यांदा स्वयंसेवी प्रयोगांतून पुढे आले. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेल्या पाणीपंचायतीत पाण्याचा हक्क जमिनीच्या क्षेत्रावर न ठेवता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठेवला आणि भूमिहीनांनाही वाटा दिला. पाणी किती अडले याबरोबर ते कोणाकडे गेले, हा प्रश्न त्यामुळे कामाच्या मांडणीतच आला. हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाने ‘माथा ते पायथा’ ही शिस्त आणि जमिनीच्या गटवार, शेतकऱ्यासह शिवारात फिरून करायचे नियोजन रूढ केले. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी या अटी पाळल्या जातात की नाही, यावरून गावाची तयारी जोखली जाऊ लागली.

निकष : आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या (ओईसीडी) विकास साहाय्य समितीने १९९१ मध्ये समर्पकता, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव व टिकाऊपणा हे पाच निकष मांडले, २०१९ मध्ये त्यांत सुसंगततेची भर पडली. बहुतेक अहवालांची प्रकरणे याच क्रमाने लावलेली असतात. उपजीविका म्हणजे केवळ उत्पन्न नव्हे, तर क्षमता, साधनसंपत्ती व कामे यांची एकत्र घडण, ही मांडणी रॉबर्ट चेंबर्स व गॉर्डन कॉनवे यांनी १९९२ मध्ये केली. धक्का सोसून पुन्हा उभे राहता येणे हे त्यांनी टिकाऊ उपजीविकेचे लक्षण मानले. आपत्तिप्रवण भागासाठी हा धागा महत्त्वाचा आहे, कारण चांगल्या वर्षी वाढलेले उत्पन्न एका वाईट वर्षात पुसले जात असेल तर त्याला सुधारणा म्हणणे कठीण.

पायाभूत वर्षाचा प्रश्न : मूल्यमापनाची सर्वांत मोठी फसगत येथे होते. प्रकल्प मंजूर होतो तो बहुधा दुष्काळाच्या वर्षी किंवा त्याच्या पाठोपाठ. पायाभूत सर्वेक्षणही तेव्हाच होते. विहिरी कोरड्या, गुरे छावणीत, खरीप बुडालेला, अशी नोंद कागदावर उतरते. दोन-तीन वर्षांनी पाऊस बरा होतो आणि अखेरचे सर्वेक्षण उरकले जाते. मराठवाड्यात २०१४ व २०१५ ही लागोपाठ तुटीची वर्षे होती. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच वर्षी परतीच्या पावसाने मांजरा धरण भरले. ज्या गावात २०१६ ची तुलना २०१५ शी झाली, तेथे एक चरही न खणता विहिरीची पातळी वर आलेली दिसली असती. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला; त्या हंगामात तीच विहीर तपासली असती, तर निष्कर्ष उलटा निघाला असता. पावसाचे प्रमाण वजा केल्याशिवाय दोन वर्षांतला फरक प्रकल्पाच्या नावे मांडता येत नाही. त्यासाठी सारख्या पावसाची दोन वर्षे निवडणे किंवा शेजारच्या, काम न झालेल्या गावाशी तुलना करणे हे मार्ग आहेत. दुसऱ्या मार्गात पाणलोटाची अडचण येते. पाणलोटाची हद्द गावाच्या हद्दीशी जुळत नाही. वरच्या गावाने पाणी अडविले की खालच्या गावाचा नाला आटू शकतो, आणि तुलनेसाठी घेतलेले ‘काम न झालेले’ गाव नेमके तेच असू शकते.

भूजलाच्या आकड्यांनाही मर्यादा आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. या विहिरी साडेतीन हजारांहून अधिक आहेत. राज्यातील गावे मात्र चाळीस हजारांवर. बेसाल्टच्या कातळात शंभर पावलांवर पाण्याची स्थिती बदलते, तेव्हा एका विहिरीवरून शिवाराचा निकाल देणे धाडसाचे ठरते.

पाहणीचा हंगाम : पाहणी पथके साधारणपणे दिवाळीनंतर निघतात. रस्ते वाळलेले असतात, बंधाऱ्यात पाणी असते, रब्बीची ज्वारी हिरवी असते आणि छायाचित्रे चांगली येतात. चेंबर्स यांनी १९८३ मध्येच अशा पाहण्यांतील पूर्वग्रह दाखवून दिले होते : डांबरी सडकेलगतची गावे, सोयीचा हंगाम आणि बोलके पुढारी. बीड जिल्ह्यात व लगतच्या पट्ट्यात त्याला आणखी एक पदर आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला गेलेली असतात. यादृच्छिक नमुन्यात आलेल्या घराला कुलूप असते, आणि प्रगणक शेजारचे उघडे घर घेतो. उघडे घर बहुधा विहीर असलेल्याचे असते. ज्यांच्यासाठी प्रकल्प आखला तीच कुटुंबे अशा रीतीने नमुन्यातून गळतात आणि सरासरी उत्पन्न आपोआप वाढलेले दिसते.

वास्तविक गावातून दरवर्षी किती कोयते (ऊसतोड करणारी जोडपी) बाहेर पडतात आणि उचल किती घ्यावी लागते, हीच उपजीविकेची सर्वांत बोलकी निर्देशके आहेत. त्यांच्या जोडीला टँकर कोणत्या महिन्यात सुरू झाला, जनावरे कधी व किती पडत्या भावाने बाजारात गेली, कडबा विकत घ्यावा लागला का, मुलांची शाळा मध्येच सुटली का, ही माहिती घेतल्यास चित्र पुरे होते. यांतील बरीचशी माहिती ग्रामपंचायतीत, शाळेच्या हजेरीपटात आणि मुकादमाच्या वहीत मिळते. तिच्यासाठी महागडे सर्वेक्षण लागत नाही. लागते ते मे महिन्यात गावात जाणे.

लाभाची वाटणी : जॉन केर, गणेश पांगारे व वसुधा लोकूर-पांगारे यांनी महाराष्ट्र व आंध्र प्रदेशातील ८६ गावांचा अभ्यास करून २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल या क्षेत्रात आधारभूत मानला जातो. तांत्रिक कामाला लोकसहभागाची जोड असलेले प्रकल्प निव्वळ तांत्रिक प्रकल्पांपेक्षा सरस ठरल्याचे त्यात आढळले. त्याचबरोबर गायरान व डोंगर चराईला बंद झाल्याने मेंढपाळ व भूमिहीन यांच्यावर बोजा पडत असल्याचेही दिसून आले. माथ्यावरचे चर व गवत राखायचे तर चराई थांबवावी लागते. मुरलेले पाणी मात्र पायथ्याच्या विहिरीत उतरते. ज्याला जमीन नाही त्याने त्याग करायचा आणि विहीरवाल्याने फळ घ्यायचे, अशी ही रचना आहे. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी येथे १९९६ नंतरच्या कामाने शेतमजुरीचे दिवस वर्षातील तीन-चार महिन्यांवरून नऊ-दहा महिन्यांपर्यंत गेले, असे नोंदले गेले आहे. मजुरीच्या रूपाने भूमिहीनांपर्यंत लाभ पोहोचतो तो असा. पण तेथेही चराईबंदीचा भार आणि वाढत्या विहिरी हे प्रश्न उभे राहिले.

शेततळ्यांच्या बाबतीत मोजणी आणखी फसवी ठरते. पावसाचे पाणी साठवून संरक्षित पाणी देणे ही मूळ कल्पना. फळबागांच्या पट्ट्यात प्लॅस्टिक अंथरलेली तळी विहिरी-बोअरच्या पाण्याने भरली जाऊ लागली. सामाईक भूजल अशा रीतीने खासगी तळ्यात जाते आणि उन्हात त्याची वाफही होते. अहवालाच्या तक्त्यात मात्र प्रत्येक तळे ‘निर्माण झालेली साठवणक्षमता’ म्हणून जमेच्या बाजूला पडते.

जलयुक्त शिवार अभियान : डिसेंबर २०१४ मध्ये दरवर्षी पाच हजार गावे टंचाईमुक्त करण्याचे लक्ष्य ठेवून सुरू झालेले हे अभियान मूल्यमापनाच्या वादाचे ठळक उदाहरण आहे. माथा सोडून नाल्यांचे खोलीकरण-रुंदीकरण यंत्रांनी केले जात असल्याचा आक्षेप घेऊन अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यातून माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेल्या अहवालात महालेखापरीक्षकांनी सहा जिल्ह्यांतील १२० गावांची पाहणी करून ९,६०० कोटी रुपयांवर खर्च होऊनही भूजल वाढविण्याचे व गावे टंचाईमुक्त करण्याचे उद्दिष्ट साधले नाही, असा शेरा मारला. सहा लाखांवर कामांपैकी अगदी थोडी तपासून काढलेला हा निष्कर्ष आहे, असा समर्थकांचा प्रतिवाद होता. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु लेखापरीक्षण म्हणजे मूल्यमापन नव्हे. कामाचे त्रयस्थ मोजमाप, देखभालीची नोंद आणि पिकांचा ताळेबंद सुरुवातीपासून नीट ठेवला असता तर नमुन्याच्या आकारावर वाद घालण्याची वेळ आली नसती. गावात पाणी वाढल्यावर ऊस वाढला की ज्वारी, हे न पाहता ‘टंचाईमुक्त’ हे विशेषण देणे ही या अभियानाची मूळची उणीव. हिवरे बाजार या गावाने पाण्याचा दरवर्षीचा ताळेबंद मांडून उसासारख्या पिकांवर बंधन घातले. या गावाची नक्कल मात्र बांधकामापुरतीच झाली.

इतर आपत्ती : पूरप्रवण भागात कसोटी तुलनेने सोपी असते, कारण संकटाची तारीख ठरविता येते. बांगलादेशात जमुना नदीच्या वाळूच्या बेटांवर (तेथे त्यांना ‘चर’ म्हणतात) २००४ ते २०१६ या काळात राबविलेल्या चर उपजीविका कार्यक्रमात घरांचे जोते ज्ञात महापुराच्या पातळीहून सुमारे दोन फूट वर उचलले गेले आणि कुटुंबांना बहुधा गायी दिल्या गेल्या. पूर ओसरल्यावर जोते शाबूत आहे का आणि गाय विकावी लागली का, हे दारातच पाहता येते. नदीने बेटच कापून नेल्यावर कुटुंब दुसऱ्या बेटावर जाते. तेव्हा मालमत्ता सोबत गेली का हे शोधणे अवघड असते.

यंत्रणा व खर्च : केंद्राच्या २००८ च्या पाणलोट विकास मार्गदर्शक सूचनांत मूल्यमापनासाठी प्रकल्पखर्चाच्या १ टक्का तरतूद होती आणि तेवढीच संनियंत्रणासाठी. मूल्यमापन करणारी संस्था बहुधा राबविणाऱ्या यंत्रणेकडूनच नेमली व भागविली जाते. प्रकल्प बंद झाल्यानंतर पाचव्या किंवा दहाव्या वर्षी पाहणी करण्यासाठी मात्र कोणत्याही शीर्षाखाली पैसा सहसा उरत नाही. बांध फुटतात, गाळ साठतो, पाणलोट समितीच्या देखभाल निधीला हात लागत नाही किंवा तो संपतो, आणि पुढचा दुष्काळ येतो तेव्हा त्याच गावासाठी नव्या नावाचा प्रकल्प नव्या पायाभूत सर्वेक्षणासह सुरू होतो.