पडत्या डावाचा आधार : विजय हजारे

बडोद्याच्या पश्चिमेस वासणा नावाचे गाव आहे. किंबहुना ‘होते’ असेच म्हटले पाहिजे, कारण आता ते शहरात पुरते मिसळून गेले आहे. तिथल्या नव्या वसाहतींतून संध्याकाळी मुले बॅट घेऊन बाहेर पडतात, आणि त्यांतील प्रत्येकाला षट्कार मारावयाचा असतो. यात गैर काही नाही. परंतु याच शहरात ज्यांचे जवळजवळ सारे कर्तृत्व घडले आणि ज्यांनी आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे षट्कार मारण्यापेक्षा डाव सावरण्यात घालविली, त्या विजय सॅम्युअल हजारे यांची हकीकत आज मला सांगावयाची आहे.

हजारे मूळचे बडोद्याचे नव्हेत. त्यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीस, एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्या काळी क्रिकेट हा राजेरजवाड्यांच्या आश्रयाने चालणारा खेळ होता. गरिबाघरच्या मुलास त्यात टिकावयाचे तर कोणा संस्थानिकाची मर्जी संपादन करणे भाग असे. हजाऱ्यांना हा आश्रय प्रथम देवासच्या महाराजांकडे मिळाला. ऑस्ट्रेलियाचे विख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शनही त्यांना लाभले. पुढे १९४१ च्या सुमारास ते गायकवाड सरकारच्या चाकरीत आले. दरबारात हुद्दा आणि मैदानावर खेळ, असा तो दुहेरी संसार होता. इंग्लंडात लँकेशायरच्या लीगमध्येही त्यांनी व्यावसायिक खेळाडू म्हणून हंगाम काढले. सारांश, क्रिकेट हा त्यांचा छंद नव्हता, चरितार्थ होता. आणि नेकीने चाकरी करणाऱ्या माणसाची सावध वृत्ती त्यांच्या फलंदाजीत अखेरपर्यंत दिसत राहिली.

बडोद्यास येण्यापूर्वीच, १९३९-४० च्या हंगामात, त्यांनी महाराष्ट्राच्या वतीने पुण्यास नाबाद ३१६ धावा काढल्या होत्या. रणजी स्पर्धेतले ते पहिले त्रिशतक, आणि गमतीची गोष्ट अशी की ते बडोद्याच्याच संघाविरुद्ध झाले. ज्याने आपली एवढी दमछाक केली त्याला आपल्याकडेच आणावे, असा विचार बडोदेकरांच्या मनात आला असल्यास त्यात नवल नाही!

पण हजाऱ्यांचा स्वभाव खरा उघड झाला तो १९४३ सालच्या पंचरंगी सामन्यांत. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन असे धर्मावर आणि जातीवर उभारलेले ते संघ होते. महात्मा गांधींनी या प्रकारास स्पष्ट विरोध दर्शविला होता. या चारांत न बसणारे ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, यहुदी असे सारे ‘इतर’ नावाच्या पाचव्या संघात कोंबले जात. नावच ‘इतर’! हजारे त्या संघाचे. त्या हंगामात त्यांनी मुसलमान संघाविरुद्ध २४८ धावा करून उच्चांक केला. अंतिम सामन्यात हिंदू संघाच्या विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा काढून तो मोडला, आणि हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. ‘इतर’ संघ १३३ धावांत बाद झाला व त्याला लागलीच पुन्हा खेळावे लागले.

पुढे जे घडले त्याला तोड मिळणे कठीण. दुसऱ्या डावात ‘इतरां’च्या एकंदर धावा ३८७, त्यांपैकी एकट्या हजाऱ्यांच्या ३०९. सहाव्या गड्यासाठी त्यांनी आपले बंधू विवेक यांच्यासमवेत ३०० धावांची भागी केली, आणि तीत विवेकरावांचा वाटा अवघा २१ धावांचा होता. या २१ धावांना कोणी हसू नये. दुसऱ्या टोकाला उभे राहणारे ते माणूस नसते तर पहिल्या टोकाचे त्रिशतक कोठून होणार? एवढे करूनही सामना एक डाव आणि ६१ धावांनी गेला तो गेलाच. मर्चंटांनी पुढे त्याच हंगामात नाबाद ३५९ धावा काढून पुन्हा वरचढपणा मिळविला. ही चढाओढ मुंबईकरांच्या मोठ्या कौतुकाचा विषय झाली. परंतु दोघांतला फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. मर्चंटांच्या पाठीशी बलाढ्य संघ उभा असे. हजाऱ्यांच्या वाट्याला बहुधा कोसळणारा डाव येई.

बडोद्याच्या संघात मात्र त्यांना साथीदार मिळाले. मार्च १९४७ मध्ये बडोद्यास रणजी स्पर्धेचा अंतिम सामना होळकर संघाशी झाला. प्रतिपक्षाचे नायक होते साक्षात् सी. के. नायडू. होळकरांचा डाव २०२ धावांत आटोपला; पण बडोद्याचेही तीन गडी ९१ धावांत परतले. तेथून हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागी केली. गुल महंमद ३१९, हजारे २८८. बडोद्याने ७८४ धावा उभारून एक डाव व ४०९ धावांनी विजय मिळविला. लाहोरचा तो ठेंगणा, चपळ, डावखुरा फलंदाज आणि सांगलीचा हा अबोल ख्रिस्ती गृहस्थ, दोघे बडोद्याच्या संघातून तासन् तास एकत्र खेळत होते, आणि पाचच महिन्यांत देशाची फाळणी व्हावयाची होती. गुल महंमद पुढे पाकिस्तानच्या वतीनेही एक कसोटी सामना खेळले. ५७७ चा तो जागतिक उच्चांक २००६ साली संगकारा आणि जयवर्धने यांनी मोडला. रणजी स्पर्धेतला उच्चांक महाराष्ट्राच्या स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणे यांनी २०१६ मध्ये मागे टाकला.

जानेवारी १९४८ मधला अॅडलेडचा कसोटी सामना हे हजाऱ्यांच्या कारकीर्दीचे शिखर होय. ऑस्ट्रेलियाच्या ६७४ धावांत ब्रॅडमन यांच्या २०१ होत्या. त्यांचा त्रिफळा उडविला हजाऱ्यांनीच. मग फलंदाजीस येऊन पहिल्या डावात ११६, आणि पुन्हा खेळण्याची पाळी आल्यावर दुसऱ्या डावात १४५. लिंडवॉल यांनी त्या दुसऱ्या डावात ३८ धावांत ७ बळी घेतले. भारताच्या २७७ धावांतल्या निम्म्याहून अधिक हजाऱ्यांच्या होत्या. एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतके झळकविणारे ते पहिले भारतीय. सामना येथेही डावाने गेला.

पुढे १९५१ मध्ये कर्णधारपद आले, आणि माझ्या मते तेच त्यांना बाधले. त्या नोव्हेंबरात दिल्लीस इंग्लंडचा पहिला डाव २०३ धावांत संपला होता. मर्चंट यांनी १५४ आणि हजाऱ्यांनी नाबाद १६४ धावा करून संघास मोठी आघाडी मिळवून दिली. पण खेळ इतका संथ झाला की इंग्लंडला बाद करण्यास वेळ पुरेना, आणि वॉटकिन्स यांनी चिवटपणे खेळून सामना अनिर्णित राखला. टीका झाली व ती अनाठायी नव्हती. बुडत्या डावाला तारण्यात ज्याची हयात गेली, त्याला आपण आता जिंकण्याच्या जागी आहोत हे चटकन उमगले नाही. तरी त्यांच्याच नेतृत्वाखाली १० फेब्रुवारी १९५२ रोजी मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला. विनू मंकड यांनी त्या सामन्यात १२ बळी टिपले.

त्याच वर्षी जूनमध्ये लीड्सच्या मैदानावर दुसऱ्या डावात भारताचा फलक अभूतपूर्व होता : शून्य धावा, चार गडी बाद. ट्रूमन नावाचा तरुण पहिलाच कसोटी सामना खेळत होता. पहिल्या डावात ८९ धावा करणाऱ्या हजाऱ्यांनी याही वेळी ५६ धावा केल्या आणि दत्तू फडकर यांच्यासह १०५ धावांची भागी रचली. पुढल्या वर्षी वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात मात्र नेतृत्वाच्या भाराखाली त्यांच्या धावा आटल्या, आणि तेथेच त्यांचे कसोटी क्रिकेट संपले. ३० सामने, २१९२ धावा, ७ शतके, २० बळी.

बडोद्याच्या संघातून ते त्यानंतरही बरीच वर्षे खेळत राहिले. १९६० मध्ये जसू पटेल यांच्याबरोबर त्यांना पद्मश्री मिळाली. क्रिकेटपटूंना लाभलेली ती पहिली पद्मश्री. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यासच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने विजय हजारे करंडकाची स्पर्धा भरते. ती पन्नास षट्कांची असते, आणि तीत संथ खेळणाऱ्याची कोणी गय करीत नाही.